पाठमोरा वाटा

बोरीच्या काट्या अजून वाटेवर तशाच पडल्या होत्या. मागच्या रविवारी सोमानं टाकल्या, आणि त्यानंतर त्या उचलायला वाडीतलं कुणी वाकलं नव्हतं. सुदाम वाकला असता, त्याची पाठ मऊ. पण भागीरथीनं पोराला दम भरला होता, "ज्यानं टाकल्या त्याचा हात कुठं मोडलाय? तोच उचलंल. नायतर त्याची आय उचलंल."

सोमाची आय म्हणजे चांगुणा, भागीरथीची धाकटी जाऊ. घर वाटलं गेलं त्या वर्षापासून दोघींचं बोलणं बंद होतं. बंद म्हणजे अगदी मुकं नव्हे. एकीला काही सांगायचं असलं की ती ते कोंबडीला सांगायची, आणि दुसरी पाठमोरी राहून ऐकून घ्यायची. वाडीतल्या कोंबड्यांनी दोन्ही घरांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या की त्यांना अंडी कशी येतात याचंच नवल.

आता पुन्हा रविवार उजाडला होता. पौषातली थंडी खळ्यावर रेंगाळत होती आणि बदलापूरचे पावणे एस्टीत बसलेही असतील. मागच्या खेपेला ते काट्यांपाशी थबकले, एकमेकांकडं बघत राहिले आणि जंगल न बघताच परत गेले. आज पुन्हा तसंच झालं तर ते परत कशाला येतात? भागीरथी पदर खोचून खळ्याच्या कडेला उभी होती. काट्यांच्या पलीकडं चांगुणाचं खाचर. भात निघाल्यावर तिनं त्यात वाल पेरला होता, आणि वालाच्या मधोमध पावण्यांच्या पायांनी भांग पाडल्यासारखी वाट पडली होती. नुकसान दिसत होतं. भागीरथीला दिसत होतं. पण दिसलेलं सगळं बोलून दाखवायचं ठरवलं तर माणसाला जेवायला वेळ उरत नाही.

तिला कोडं होतं ते निराळंच. ही माणसं बघायला काय येतात?

सुदामची अंबरनाथची कंपनी सुटली आणि तो करवंदं घेऊन बदलापूरच्या बाजारात बसला, तिथं त्याला विष्णुपंत भेटले. पेन्शनीतला माणूस, डोक्यावर कापडी टोपी. त्यांनी जंगलाचं विचारलं, सुदामनं बोलावलं, आणि मग दर रविवारी दहाबारा जणं यायला लागली. भागीरथीच्या खळ्यात चहा, मग चांगुणाच्या वालातून जंगल, मग परत भागीरथीच्या पडवीत नाचणीची भाकर आणि वालाचं बिरडं. जाताना चार पैसे देत, पाया पडत. एक बाई तर साध्या काकडाच्या झाडाला मिठी मारून उभी राहिली होती.

"धरनाचं पानी गेलं ह्यांच्याकडं," दौलतराव म्हणायचे, "आता त्या पान्याच्या मागं मागं मानसं उलटी आली."

दौलतराव म्हणजे तिचे चुलतदीर, वाडीतला सगळ्यात जुना माणूस. पाच घरांची वाडी, पाचही घरं एकाच भावकीची.

पावण्यांतल्या एका बाईच्या गळ्यात दुर्बीण असायची. एकदा तिनं ती भागीरथीच्या डोळ्यांना लावली. "बघा आजी, समोरच्या सावरीवर पक्षी बसलाय." भागीरथीला पक्षी काही सापडला नाही. दुर्बीण तिच्या हातात जरा खाली झुकली आणि एकदम चांगुणाचं परसदार नाकासमोर येऊन उभं राहिलं. इतक्या वर्षांत ज्या दारात ती गेली नव्हती ते दार, हात लांबवला तर कडी लागेल इतकं जवळ. दारात चांगुणाची सून रखमा उभी होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, बाहेरच्या चुलीचा एक पोपडा काढला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून, चवीनं चावला.

भागीरथीनं दुर्बीण परत दिली. "दिसला का पक्षी?" बाईनं विचारलं. "दिसला," ती म्हणाली. "घरटं करतोय."

माती खायची चव बाईला कधी लागते हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं स्वतः थोरल्या शंकरच्या वेळी अर्धी चूल खाल्ली होती. पण चांगुणानं वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि जे आपल्याला सांगितलं नाही ते आपल्याला ठाऊक नाही, असा भागीरथीचा कायदा होता. तिनं ते गोदूलाही, म्हणजे सुदामच्या बायकोलाही, सांगितलं नाही.

*

पावण्यांच्या आधी जीप आली. जीपमधून शंकर उतरला, तिचा थोरला. अंबरनाथला फिटर, पालेगावात नवीन खोली. वाडीत होता तोवर शंकऱ्या होता, तिकडं जाऊन शंकरराव झाला. त्याच्यामागून काळा गॉगल लावलेले एक जाडजूड शेठ उतरले. उल्हासनगरात त्यांचं फर्निचरचं दुकान होतं.

"अम्मा, जगा तर एक नंबर आहे," शेठ माळाकडं बघत म्हणाले. "हवा बघा, हवा. आमच्याकडे हवा पण सेकंडहँड मिळते."

भागीरथीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. ओळख नसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी हसू देऊ नये.

भावकी खळ्यात जमलीच होती. काट्यांचा निकाल लावायला दौलतरावांनी सगळ्यांना बोलावलं होतं. कडेला बाळाजी उकिडवा बसला होता. बनूबाई, वाडीतली एकटी विधवा, तपकीर ओढत होती. चांगुणा खांबाला टेकून लांब उभी होती आणि तिच्या पुढ्यात सोमा. घोंगडीवर शेठना बसवलं. दौलतराव काही बोलणार तोच शंकरनं घसा साफ केला.

"काट्याबिट्याचं भांडण आता सोडा. मी मार्ग आणलाय. आपल्या माळावर शेठ खोल्या बांधणार. वाटेला एक गेट. पावणे गाडीनं येतील, राहतील. वाडीतल्या सगळ्यांना काम. कुणी पाणी भरील, कुणी जंगल दाखवील, बायका स्वयंपाकाला. दर महिन्याला पगार. आणखी काय पाहिजे?"

"बरं हाय," दौलतराव म्हणाले. "आन गेटाची चावी?"

"चावी आपल्याकडंच."

"आपल्याकडं म्हंजे?"

"म्हंजे त्यांच्याकडं," बनूबाई म्हणाली. "मी म्हातारी झाले, बहिरी नाय."

बाळाजीनं काडीनं माती उकरली. "म्हंजे रान आपलं, अंगन आपलं, आन आपन गडी. लय भारी. गड्याला रविवारी सुट्टी असते का, शंकर? नाय, पावने रविवारीच येतात म्हनून इचारलं."

शंकर चिडला. "काका, आज काय मिळतंय तुम्हाला? आज पावणे आले की त्यांची पाठ बघता. पगार तरी मिळेल."

ते मात्र खरं होतं. भागीरथीनं सगळ्यांच्या तोंडाकडं एक एक करून बघितलं. कमरेला चावी लटकतेय, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढून क्षणभर गेलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं. खोटं कशाला बोला. पावणे यायला लागल्यापासून तिच्या पडवीला बाजाराची शोभा आली होती. बनूबाईच्या पडवीत मांजरसुद्धा बसत नव्हतं.

तेवढ्यात चांगुणा खांबापासून निघाली. समोर एक तांबडी कोंबडी दाणे टिपत होती.

"ऐकतेस का गं," ती कोंबडीला म्हणाली, "वाल तुडवाचे माझे, भाकर खावाची हिच्या दारात. बरं, तेबी सोसलं. पन चैतात कोंडातली मासळी वाटायची वेळ आली की हीच बाय मासळीकडं पाठ करून बसते. मला कुनाचं तोंड दिसत नाय, म्हनते. साऱ्या वाडीचा विश्वास हाय तिच्या पाठीवर. माझाबी होता. आता बघ. मासळीला पाठ करते, आन पावन्यांना तोंड करते."

कोंबडी निघून गेली. चांगुणाची नजर मात्र तिथून हलली नाही, आणि आता त्या नजरेसमोर भागीरथी होती.

वाडीचं सगळं सांगता येतं, पण हे शेठसारख्या परक्याला सांगायला वेळ लागला असता. चैतात कोंडाचं, म्हणजे नदीतल्या डोहाचं, पाणी खाली गेलं की पाचही घरं मिळून मासळी धरतात. सागाची पानं मांडून त्यावर वाटे घालतात, लहानमोठं होईल तसं. मग एक माणूस वाट्यांकडं पाठ करून बसतो. दुसरा काठीनं एकेक पान दाखवतो आणि विचारतो, हा कुणाचा? पाठमोऱ्यानं घराचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघेल त्याचं ते पान, मग त्यावर मरळ असो की चिंगळ्या. पाठमोऱ्याचं स्वतःचं घर शेवटी. आणि एखादी सून पोटुशी असली तर पोटाचा वाटा वेगळा, कारण खाणारं तोंड आत असलं तरी ते तोंडच. भागीरथी लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू पाठमोरी बसायची. सासू गेली तशी ती पाठ भागीरथीकडं आली. आजवर कुणी म्हटलं नव्हतं की बाई, तुझी मान वळली.

आज चांगुणानं म्हटलं होतं.

"आई, तू लक्ष देऊ नको," शंकर हळू म्हणाला.

"तू गप," भागीरथी म्हणाली. "तुझ्या गेटापेक्षा तिच्या काट्या बऱ्या. काट्या दिसतात तरी." मग ती सोमाकडं वळली. "सोम्या, सागाची पानं आन. पाच."

"कशाला, मोठीआय?"

"मासळी यायची झाली."

*

मासळी आली ती टोपी घालून. विष्णुपंत पुढं, मागं दहाबारा जणं, गळ्यात पिशव्या, पायांत कॅनव्हासचे बूट. काट्या बघून ते गेल्या खेपेसारखेच थबकले. सुदाम धावत पुढं गेला आणि काय सांगायचं ते न सुचून म्हणाला, "तुमाला वाटाचं हाय."

"आम्हाला काय वाटायचंय?" विष्णुपंतांनी विचारलं.

"तुमाला नाय वाटाचं. तुमालाच वाटाचं."

भागीरथीनं सूत्रं हातात घेतली. "पावनं, आजपासनं जेवान पाची घरात. कोन कुनाच्या घरी जाईल ते आमी ठरवत नाय, तुमीबी नाय. अंगावरची एकेक वस्तू ह्या पानांवर ठेवा. लहानमोठं बघू नका."

पावण्यांना वाटलं हा इथला काही जुना सण असावा, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर तेच आलं जे काकडाच्या झाडाला मिठी मारताना त्या बाईच्या चेहऱ्यावर आलं होतं. टोपी, पाण्याची बाटली, रुमाल, एका पायातला बूट, बांगडी. विष्णुपंतांनी चष्मा ठेवला आणि मग त्यांना काहीच दिसेना. दुर्बीणवालीनं दुर्बीण ठेवली. शंकरनं शेठना थांबवायचा प्रयत्न केला, "शेठ, तुम्ही पावणे नाही, तुम्ही पार्टनर," पण शेठ भुकेले होते. "अरे भाई, खाना तो पार्टनर पण खातो ना," म्हणत त्यांनी गॉगल काढून दुर्बिणीशेजारी ठेवला.

भागीरथी पाठ करून बसली. डोक्यावरून पदर पुढं ओढला. आता तिला फक्त स्वतःचं दार दिसत होतं आणि दारातून चुलीशी वाकलेली गोदू. आत परात भरून पीठ मळलेलं होतं, सगळ्यांच्या भाकरींचं.

सोमानं काठी टेकली. "हा कुनाचा?"

"बनूबाईचा."

मागं हसू फुटलं. बनूबाईच्या वाट्याला विष्णुपंतांचा चष्मा आला होता, आणि त्यांच्या बायकोची बांगडी भलत्याच पानावर होती.

"हा कुनाचा?"

"दौलतभावजींचा."

"अहो, मी इकडं आणि ही तिकडं?" विष्णुपंत चाचपडत म्हणाले.

"जाऊ द्या की," त्यांच्या बायकोचा आवाज आला. "तीस वर्षं एकाच पंगतीत जेवतोय आपण." आणि पावणे मंडळीत असं हसणं उठलं की आत गोदूसुद्धा थांबली.

भागीरथीच्या ध्यानात आलं, मासळी नवराबायको नसते. हे सासूनं शिकवलं नव्हतं. पण आता अर्ध्यावर नियम मोडता येत नाही.

"हा कुनाचा?"

"चांगुणाचा."

हे नाव ती कित्येक वर्षांनी माणसासमोर घेत होती. कोंबडीसमोर नव्हे. जिभेला ते जरा जड लागलं.

"हा कुनाचा?"

"बाळाजीचा."

एक पान उरलं. एक घर उरलं. हिशेब पोरालाही कळेल असा. शंकर पुढं सरकला. शेवटच्या पानावर शेठचा गॉगल आहे हे त्याला दिसत होतं. शेठ आपल्या पडवीत जेवले, आईच्या हातचं बिरडं त्यांनी खाल्लं, की बाकीचं पाण्यासारखं सोपं. तो तिच्या बाजूला उकिडवा बसून पुटपुटला, "बोल आई, आपलं नाव. संपलं."

"हा कुनाचा, मोठीआय?" सोमानं विचारलं.

भागीरथीनं दाराकडं बघितलं. दारातून गोदू तिच्याकडं बघत होती, हातात भाकरीचा गोळा. सावरीवर कुठंतरी एक पक्षी टक टक करत होता. बहुतेक तोच, जो तिला दिसला नव्हता.

कुणाला माहीत होतं? रखमाला, सोमाला, चांगुणाला. आणि चांगुणा मरेल पण मागणार नाही. पोटाचा वाटा मागायचा तर पोट सांगावं लागेल, आणि ज्या खळ्यात ती इतकी वर्षं काही मागायला आली नाही तिथं ती आज पहिल्यांदा मागेल? तिच्या जागी आपण असतो तर आपणही मागितलं नसतं. एकाच सासूच्या तालमीतल्या दोघी. आपलं नाव घ्यायला कुणाचीच हरकत नव्हती. मान वळवायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं.

तोच तर घोटाळा होता. पाठीला डोळे नसतात म्हणून वाडी तिच्यावर विश्वास ठेवत होती, आणि तिला दिसलं होतं. वाटीभर काचेतून, कडी लागेल इतकं जवळून.

"हा पोटाचा," भागीरथी म्हणाली. "रखमाच्या."

सोमाच्या हातातली काठी खाली पडली, तिचा आवाज आला. मग बनूबाईनं तपकिरीची शिंक दिली आणि म्हणाली, "अगो बाय. आमाला पत्ताच नाय."

"तुला कुनी सांगितलं?" हा आवाज चांगुणाचा होता. सरळ, कोंबडीवाचून.

"पावन्यांच्या दुर्बिनीनं," भागीरथी पाठमोरीच म्हणाली. "सुनेला सांग, चुलीचे पोपडे खाऊ नको, राख लागते त्याला. भाजकी माती खावाची तर कौलाचा तुकडा दे. घरोघरी मातीच्या चुली, पन खावाची माती येगळी."

दुर्बीणवाली कुणाला तरी विचारत होती की आपण कुणाकडं जेवायचं, आणि बाळाजी तिला मोठ्या गंभीरपणे समजावत होता की तुमचा यजमान अजून जन्मलेला नाही. शेठ पोट धरून हसले. मग गॉगल उचलता उचलता शंकरला म्हणाले, "तू तर बोलला होता वाडी म्हणजे एकच घर. हे तर पाच आहेत. आणि सहावं येतंय."

शंकर जीपकडं बघत राहिला.

भागीरथी उठली. गुडघे वाजले. वळून बघितलं तर खळ्यातली पानं उचलली जात होती. बनूबाई विष्णुपंतांचा हात धरून त्यांना आपल्या दाराकडं नेत होती, चष्मा तिनं स्वतःच्याच नाकावर चढवला होता. म्हातारीच्या पडवीत आज माणूस बसणार होता. दौलतरावांनी पुढं होऊन पहिली काटी उचलली. मग सोमानं बाकीच्या.

"गोदू," भागीरथीनं आत हाक दिली, "ते मळलेलं पीठ पाची... चारी घरात दे वाटून. पावने अचानक गेलेत त्यांच्याकडं. आन बिरड्याचं पातेलंबी."

"आन आपल्याला, आत्या?"

"आपल्याला काय. आपन जेवतोच की रोज."

ती पडवीच्या पायरीवर बसली. तिच्या पडवीत सतरंजी अंथरलेली होती, पत्रावळी मांडलेल्या होत्या, पाण्याचा तांब्या भरलेला होता. बसायला कुणी नव्हतं. समोरून लोक आपापल्या पावण्यांना घेऊन चालले होते आणि जाताना तिच्याकडं बघत होते. तिला त्या बघण्याचा अर्थ लागत होता, तरी तिनं मान ताठ ठेवली. चंची सोडली, पान काढलं, आणि ते न खाता परत आत ठेवलं.

चांगुणाच्या घरची मंडळी शेवटी निघाली. दोन वाट्यांचे पावणे, म्हणून गर्दी होती. रखमा लाजून पुढं पळाली. चांगुणा खळ्याच्या मध्यापर्यंत गेली आणि थांबली. खाली सागाचं एक पान पडलं होतं, मोकळं. तिनं ते पायानं सरळ केलं. मग वाकून हातानं सरळ केलं. आणि त्याच्याकडं पाठ करून, आपल्या वालाकडं तोंड करून उभी राहिली.

"सोम्या," ती म्हणाली, "एक पान मोकळं दिसतंय."

सोमाला कळायला जरा वेळ लागला. भागीरथीला लागला नाही. तरी ती हलली नाही. शंकर बघत होता, गोदू दारातून बघत होती, तांबडी कोंबडीसुद्धा परत आली होती. आणि तिला एकदम फार वाटलं की बघावं, काय असतं त्या जंगलात. इतकी माणसं येतात. त्या दारातून आत कसं दिसतं तेही बघावं, काचेवाचून.

ती उठली, खळ्यात गेली आणि आपली चंची पानावर ठेवली.

सोमानं काठी उचलली, पानाला टेकवली. "हा कुनाचा, आये?"

चांगुणानं मान वळवली नाही.

"माझा," ती म्हणाली. "पन तिला सांग, वालातनं येऊ नको. बांधावरनं ये."